दुसरी संधी कोणाच्या उपयोगाची?

जेईई मेन ही संगणकावरची परीक्षा २०१९ पासून वर्षातून दोनदा होते. कोरोनाकाळात, २०२१ मध्ये, ती चार वेळा झाली. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम आणि पीसीबी गटांनाही २०२६ पासून दोन संधी देण्याचा निर्णय राज्याने घेतला. दुसरी परीक्षा ऐच्छिक आणि दोन्हींपैकी चांगला निकाल ग्राह्य, असा हा नियम. महाविद्यालयांच्या ऑनलाइन चाचण्यांतही पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा अनेकदा असते. यामुळे मुलांवरचा ताण खरोखर कमी होतो का? चाचणी कशासाठी आहे, यावर ते ठरते.

चाचणी शिकण्यासाठी असेल, तर विज्ञान पुनःप्रयत्नाच्या बाजूने आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आठवण्याच्या खटपटीनेच स्मृती पक्की होते.

मात्र तेच चार पर्याय पुन्हा समोर आले आणि चूक लगेच कळली, तर ही खटपट उरतच नाही. काहीही न येणाऱ्याला पहिल्या प्रयत्नात उत्तर जुळण्याची शक्यता २५ टक्के, दुसऱ्यापर्यंत ५० आणि तिसऱ्यापर्यंत ७५ टक्के होते. गुण वाढतात, ज्ञान नाही. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायाची उत्तरे मुदतीपर्यंत बदलता येतात. पण बरोबर काय, हे मुदत संपल्यावरच कळते. ही साधी सोय अंदाजपंचे उत्तरांना आळा घालते. दोन प्रयत्नांत काही दिवसांचे अंतर, नवे प्रश्न आणि चुकीचे कारण समजावणे, एवढे तरी हवेच.

प्रवेश परीक्षेचे गणित वेगळे आहे. त्या दिवशीचा ताप, पाळीच्या वेदना किंवा मायग्रेन यावर वर्षाची मेहनत ठरू नये, यासाठी दुसरी संधी न्याय्यच. पण प्रत्येक गुणांकात थोडा नशिबाचा भाग असतो. दोन्हींतील चांगला निकाल धरला, की सारख्याच तयारीच्या दोघांपैकी दोनदा बसणाऱ्याचे पारडे जड होते. पर्सेंटाइल ही तर इतरांशी तुलना. त्यामुळे कागदावर ऐच्छिक असलेली परीक्षा प्रत्यक्षात सक्तीची होते. दुसरे शुल्क आणि केंद्रापर्यंतचा प्रवास ज्याला परवडत नाही, तो इथेच मागे पडतो.

वेळापत्रकही पाहा. जानेवारीत जेईई, फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा, एप्रिलमध्ये पुन्हा जेईई आणि सीईटी, मे महिन्यात सीईटीची दुसरी फेरी. एका दिवसाची धास्ती कमी होते, पण पाच महिन्यांचे जागरण वाढू शकते. दिवसभरात शिकलेले मेंदू झोपेतही पक्के करतो, त्यामुळे हे जागरण अभ्यासाच्याही मुळावर येते.

म्हणून संधी वाढवताना गरजू विद्यार्थ्यांना दुसरे शुल्क माफ करावे आणि केंद्र जवळचे द्यावे. पालकांनीही पहिला निकाल समाधानकारक असेल, तर 'अजून एकदा बसून बघ' हा आग्रह सोडावा. थांबण्याची मोकळीक असेल, तरच दुसऱ्या संधीने ताण हलका होईल.