दळलेल्या पिठाचे दळण

दळलेले पीठ पुन्हा दळणे याला आपण पिष्टपेषण म्हणतो. पूर्वी हा शब्द लांबलेल्या भाषणांसाठी राखीव होता. आता तो हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींतही शोभेल.

तिथल्या मुलामुलींशी कधी निवांत बोलावे. काल काय केले ते सकाळच्या बैठकीत सांगायचे, तेच कामाच्या तिकिटात लिहायचे, तेच टाइमशीटमध्ये भरायचे आणि शुक्रवारी त्याचाच तक्ता वरिष्ठांना धाडायचा. गंमत अशी, की 'एकच गोष्ट दोनदा लिहू नका' हा या विद्येचाच मूलमंत्र आहे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी तो १९९९ साली 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या पुस्तकात मांडला. २००१ साली अमेरिकेत सतरा जाणकारांनी जाहीरनामा काढून कागदपत्रांपेक्षा चालत्या सॉफ्टवेअरला अधिक मोल दिले. त्या विचाराबरोबर पसरलेली सकाळची छोटी बैठक पुष्कळ ठिकाणी नुसती हजेरी होऊन बसली आहे.

पुनरावृत्तीचे मला वावडे नाही. माझी उमेद बँकेत गेली. तिथे एकच रक्कम व्हाउचरवर, लेजरमध्ये आणि डे-बुकात येई. पण त्यामागे वेगवेगळे हात असत आणि संध्याकाळी या नोंदी एकमेकींना तपासत. दहा पैशांचा फरक आला तरी ताळा जुळेपर्यंत घरी जाता येत नसे. काम कंटाळवाणे खरे, पण त्यामुळे कुणाची तरी पुंजी सुरक्षित राहत असे.

इथे मात्र एकच हात चार ठिकाणी लिहितो. चूक झाली तर तीही चारही ठिकाणी तीच! मग हे चालते कशासाठी? सेवा पुरवणाऱ्या अनेक कंपन्या ग्राहकाला माणसांचे तास विकतात. बिल तासांवर निघत असेल, तर तासांचा पुरावा हाच माल ठरतो. एखाद्या हुशार मुलीने आठवड्याचे काम दोन दिवसांत उरकले, तर तिचे कौतुक करावे की बुडालेल्या तासांचा हिशेब मांडावा, असा पेच साहेबांना पडतो.

प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारावा: हिचा ताळा कशाशी जुळतो? ज्या नोंदीला उत्तर नाही, ती बंद करावी. एवढे धाडस व्यवस्थापनाला सहज जमण्यासारखे आहे.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी 'पगार चांगला आहे ना, मग तक्रार कसली?' हे वाक्य जरा आवरावे. रात्री दमून आलेल्या मुलाला कधी विचारावे, 'आज काय नवीन केलेस?' उत्तर देताना तो रोजच अडखळू लागला, तर तो त्याचा आळस समजू नये.