कूपर, बग्नर आणि पाव गुण

१६ मार्च १९७१ रोजी लंडनमध्ये वेम्बली येथे हेन्री कूपर आणि जो बग्नर यांच्यात झालेल्या मुष्टियुद्धाचा निकाल अवघ्या पाव गुणाने लागला. पंधरा फेऱ्यांअखेर ब्रिटिश, राष्ट्रकुल आणि युरोपीय ही तिन्ही अजिंक्यपदे छत्तीस वर्षांच्या कूपरकडून, एकविसावे वर्ष पुरे होऊन तीनच दिवस झालेल्या बग्नरकडे गेली. त्या काळच्या ब्रिटिश प्रथेनुसार गुण देण्याचा अधिकार एकट्या पंचाचा असे. पंच हॅरी गिब्ज हे स्वतः लंडनच्या गोदीत राबलेले कामगार होते. निकाल ऐकताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कूपरने त्याच रात्री निवृत्ती पत्करली आणि पुढे कित्येक वर्षे गिब्जशी बोलणे टाकले.

पाव गुणाचा तो वाद अद्यापि उगाळला जातो. पण त्यातून निष्पन्न काही होत नाही. विचार व्हावयास हवा तो वेगळ्याच गोष्टीचा. पहिली घंटा होण्यापूर्वीच त्या प्रेक्षागृहातील श्रमिकांनी एकाला आपला आणि दुसऱ्याला उपरा ठरवून टाकले होते, ते कशाच्या आधारावर?

कूपर दक्षिण लंडनमधील कौन्सिलच्या वसाहतीत वाढलेला, भिंतींना गिलावा करणारा कामगार. १९६३ साली त्याच्या डाव्या हाताच्या ठोशाने कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा महंमद अली, दोरांपाशी कोसळला. घंटेने क्लेला वाचविले आणि पुढच्याच फेरीत कूपरची भुवई फाटून लढत थांबली. १९६६ साली जागतिक अजिंक्यपदासाठी दोघे पुन्हा भिडले, तेव्हाही सहाव्या फेरीत कूपरच्या रक्तानेच निकाल लावला. पंचावन्न लढतींपैकी चौदा त्याने गमावल्या. तरीही लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, याला भाबडेपणा म्हणता येणार नाही. बलाढ्याला क्षणभर का होईना लोळविणारा आणि अखेरीस स्वतःच रक्तबंबाळ होणारा माणूस कष्टकऱ्याला आपल्या घरचाच वाटतो.

बग्नरच्या वाट्याला हे प्रेम कधीच आले नाही. वास्तविक अलीसमोर कूपर दोन लढतींत मिळून अकरा फेऱ्याही टिकला नव्हता. बग्नर १९७३ साली लास व्हेगासला बारा आणि १९७५ साली क्वालालंपूरला पंधरा, अशा सत्तावीस फेऱ्या अलीशी लढून दोन्ही वेळा पायांवर उभा राहिला. परंतु हे टिकून राहणेच त्याचा गुन्हा ठरले. तो थंड आहे, जिवावर उदार होत नाही, असा आक्षेप त्याच्यावर सतत घेतला गेला. १९६९ साली, बग्नर जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना, त्याच्याशी लढलेला त्रिनिदादचा युल्रिक रेजिस काही दिवसांत मेंदूच्या इजेने मरण पावला, याचा आक्षेपकांना सोयीस्कर विसर पडला होता. प्रतिस्पर्ध्याला संपविण्याची हौस त्यानंतर ज्याला उरली नसेल, त्याला दोष कोणी द्यावा?

बग्नरचा जन्म हंगेरीचा. १९५६ साली रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा हे कुटुंब देशोधडीला लागले. याच प्रश्नावर नेहरूंनी कचखाऊ भूमिका घेतली असता जयप्रकाशांनी त्यांच्यावर सडकून टीका केली होती. ब्रिटनने सुमारे वीस हजार हंगेरियनांना आसरा दिला, हे त्या देशाला भूषणावहच होय. मात्र कोळशाच्या खाणींत त्यांना कामावर घेण्याची वेळ आली, तेव्हा ठिकठिकाणी खाण कामगार संघटनेच्या स्थानिक शाखाच आडव्या आल्या. बेकारीचे भय खोटे नव्हते. तथापि ज्यांच्या डोक्यावरून रणगाडे गेले त्या श्रमिकांना दुसऱ्या देशातील श्रमिकांनीच दार लावावे, ही घटना समाजवादी म्हणविणाऱ्यांच्या इतिहासातून पुसता येणारी नाही. वेम्बलीतील हुर्यो आणि खाणीच्या तोंडाशी मिळालेला नकार यांत जातीचा फरक नाही.

'आपला' या शब्दाची सीमा तरी कायमची कोठे असते? १९४८ सालापर्यंत गोऱ्या आईबापांच्या पोटी न जन्मलेल्या मुष्टियोद्ध्याला ब्रिटिश अजिंक्यपदासाठी लढण्याचीच बंदी होती. २४ ऑक्टोबर १९८७ रोजी, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला बग्नर लंडनला परतून फ्रँक ब्रुनोसमोर उभा राहिला. ब्रुनो लंडनचाच, कॅरिबियन बेटांतून आलेल्या आईबापांचा काळा मुलगा. सारे मैदान ब्रुनोच्या बाजूचे होते आणि आठव्या फेरीत बग्नर हरला तेव्हा त्याने जल्लोष केला. एका पिढीत काळा माणूस आपला होऊ शकला, ही लहान गोष्ट नव्हे. उपरा म्हणून बोट दाखवावयास मात्र हंगेरीचा निर्वासितच पुन्हा उपयोगी पडला.

या साऱ्या काळात तिकिटांचा पैसा आयोजकांकडे बिनबोभाट जात होता. कूपरचा चेहरा तर सुगंधी द्रव्याच्या जाहिरातीलाही वापरला गेला. पुढे त्याने आपली पुंजी लॉइड्स या लंडनच्या विमाबाजारात गुंतविली. तेथे 'नेम' म्हणून पैसा घालणाऱ्याची जबाबदारी अमर्याद असे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून लॉइड्सला प्रचंड तोटा आला; अ‍ॅस्बेस्टॉसने फुफ्फुसे निकामी झालेल्या अमेरिकन कामगारांची भरपाई हे त्याचे एक मोठे कारण होते. ती भरपाई न्याय्यच होती. तिचा बोजा येणार हे ओळखून आतल्या मंडळींनी बाहेरचे नवे 'नेम' गोळा केले, असा आरोप मात्र तेव्हा उघडपणे झाला. कूपरने तीन लॉन्सडेल पट्टे कायमचे जिंकले होते. असे करणारा तो एकमेव मुष्टियोद्धा. १९९३ साली ते तिन्ही लिलावात ४२,००० पौंडांना गेले. गोदी कामगार गिब्जवर पाव गुणासाठी जो राग वर्षानुवर्षे धरला गेला, तसा लॉइड्सच्या वाट्याला काही आला नाही.