टॅकल आणि टोकणे
रग्बीत खेळाडूचा आत्मविश्वास सर्वांत आधी टॅकलमध्ये कळतो. धावत्या प्रतिस्पर्ध्याला खांद्याने अडवताना डोके कोणत्या बाजूला ठेवायचे, हे आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत आणि शेवटी पूर्ण वेगात शिकवले की भीती मोडते. घाई केली की ती मनात पक्की बसते. बॉम्बे जिमखान्यावर हा खेळ जुना, विदर्भात मात्र नवखा. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीसारख्या गावातला कबड्डीपटू पकड जाणतो, पण पुढे धावत चेंडू मागे द्यायची सवय त्यालाही नव्याने लावावी लागते. चुका तिथेच होतात, आणि चुकल्यावर प्रशिक्षक काय बोलतो यावर पुढचा पास ठरतो. अमेरिकेत स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना प्रोत्साहन व नेमकी सूचना द्यायला शिकवले. 1992 च्या अभ्यासात अशा प्रशिक्षकांच्या सुमारे 5 टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला, इतरांच्या 26 टक्के. सामने जिंकण्यात फरक नव्हता, हे विशेष. वरच्या पातळीवरही प्रशिक्षकाच्या वागण्याचा परिणाम दिसतो. न्यूझीलंडचा महिला संघ 2021 च्या युरोप दौऱ्यात चारही सामने हरला, संघातील वातावरणाची चौकशी झाली. 2022 मध्ये वेन स्मिथ प्रशिक्षक झाले आणि त्याच वर्षी संघाने इंग्लंडला 34-31 असे हरवून विश्वचषक जिंकला. अर्थात सगळे श्रेय प्रशिक्षकाला देता येत नाही: मैदान घरचे होते, आणि लाल कार्डामुळे इंग्लंड बराच वेळ 14 खेळाडूंनिशीच खेळत होते.