दंडाचें धन कोणाचें?

ताम्हिणी घाटांत बेदरकारपणें मोटार हांकणाऱ्यास दंड होतो. तो सरकारी तिजोरींत जातो. त्याच घाटांत हाडें मोडून पडलेल्यास मात्र पौडची वा पुण्याची दूरची वाट धरावी लागते. मे २०२५ मध्यें मध्यवर्ती सरकारनें अपघातग्रस्तांस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनामूल्य देऊं केले, हें स्तुत्यच. पण ते मिळावयाचे रुग्णालयांत जिवंत पोहोंचल्यावर! म्हणून आम्ही म्हणतों, प्रत्येक दंडावर अधिभार बसवावा व तो मुळशींतच रुग्णवाहिका, रक्त व वैद्य यांवर खर्चावा. पैशाच्या लोभानें निरपराध्यांस छळतील, असा आक्षेप येईल. उपाय सोपा आहे : दंड ठरवावा न्यायालयानें, खर्च करावा जिल्हा परिषदेनें. दुसऱ्याच्या वेगाची किंमत जखमीनेंच कां मोजावी?