मोट आणि संघ : खचलेल्या संघाची पुनर्बांधणी



मी ज्या गावात शिकवतो त्या इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग आला आणि तेव्हापासून गावाची बोली मागाच्या शब्दांनी समृद्ध होत गेली. त्यांतला माझा आवडता शब्द 'वहिफणी'. वही आणि फणी या मागाच्या दोन भागांच्या नावांचा हा समास आहे. ताण्याचा प्रत्येक धागा आधी वहीतून आणि मग फणीतून ओवावा लागतो, आणि असे हजारो धागे असतात. म्हणूनच त्याच प्रकारचे कापड पुढे विणायचे असेल, तर बीम संपत आल्यावर अनुभवी कारागीर जुना ताणा पुरता ओढून काढत नाही. शेवटचा थोडा भाग वही-फणीत तसाच राखतो, त्याच्या एकेका टोकाला नव्या बीमचे एकेक टोक गाठ मारून जोडतो आणि गाठी हलक्या हाताने पलीकडे ओढून घेतो. नव्या सुताला वाट दाखवण्याचे काम जुने सूत करते.

खरे मँचेस्टर आज कापडापेक्षा फुटबॉलसाठी अधिक ओळखले जाते. या लेखात मलाही फुटबॉलविषयीच बोलायचे आहे. भाषाविज्ञान हा माझा व्यवसाय आणि फुटबॉल हे माझे वेड. तेव्हा पुढील विवेचन एका चाहत्याचे मत म्हणून वाचावे, पटले नाही तर खोडून काढावे. प्रश्न असा : सतत हरणारा व्यावसायिक संघ पुन्हा उभा कसा करावा? माझे उत्तर थोडक्यात असे की, काय बदलायचे याआधी काय राखायचे हे ठरवावे. आपल्याकडे नेमके याच्या उलट घडत आले आहे.

प्रथम शब्द पाहू. मराठीत 'बांधणे' या क्रियापदाला मोठा विस्तार आहे. आपण घर बांधतो, गाठ बांधतो, मोटही बांधतो. विखुरलेल्या माणसांना तात्पुरते एकत्र आणण्याला आपण 'मोट बांधणे' म्हणतो. मोटेची दोरी सुटली की आतले जिन्नस पुन्हा वेगळे होतात. 'संघ' या संस्कृत शब्दात मात्र 'सम्' हा उपसर्ग आणि 'हन्' हा धातू आहे. एकमेकांना घट्ट भिडून एक होणे हा त्याचा गाभा आहे. पैसा आणि चार महिन्यांची मुदत हाती असेल तर मोट बांधता येते. संघाला याहून अधिक काही लागते.

आता उदाहरण घेऊ. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबई सिटी व पुणे सिटी असे दोन संघ आले. पुण्याचा संघ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात खेळे. पहिल्याच वर्षी १९९८ चा विश्वचषक जिंकलेल्या फ्रान्सच्या चमूतला डेव्हिड त्रेझेगे आला, दुसऱ्या वर्षी रोमानियाचा एड्रियन मुटू. प्रशिक्षकांची नावे पाहा : फ्रँको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अँतोनियो हबास, रँको पोपोविच, आणि शेवटच्या २०१८-१९ च्या एकाच हंगामात मिगेल आंखेल पोर्तुगाल, प्रद्युम रेड्डी व फिल ब्राउन. पाच हंगामांत सात प्रशिक्षक झाले! पोपोविच यांच्या हाताखाली २०१७-१८ मध्ये संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. हंगाम संपला आणि तेही गेले. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाबरोबर खेळण्याची रीत बदलली, खेळाडू बदलले. वहीतले सर्व धागे ओढून काढायचे आणि पहिल्यापासून ओवायला बसायचे, असा हा प्रकार झाला. कापड विणायला वेळ उरणार कधी?

२०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे तो संघ बंद झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. येथून पुढची हकीकत चाहत्याला बोचणारी आहे. हैदराबाद आपल्या पहिल्या हंगामात तळाला राहिले. मग मानोलो मार्केझ हे स्पॅनिश प्रशिक्षक आले. २०२०-२१ मध्ये संघ पाचवा आला, म्हणजे बाद फेरीबाहेरच राहिला. तरीही मार्केझ यांना ठेवले गेले. आकाश मिश्रा, आशिष राय यांसारखी तरुण मुले त्यांच्या हाताखाली तयार होत होती, त्यांनाही राखले गेले. पुढच्या हंगामात संघाला धडाकेबाज आघाडीवीर हवा होता. तेवढ्यापुरता बार्थोलोम्यू ओगबेचे आणला गेला आणि त्याने त्या हंगामात १८ गोल केले. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले. त्या विजेत्या चमूत आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला हा मुलगा महाराष्ट्राने गमावलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या संघाकडून करंडक उचलत होता. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाला दुखरी कडही होती.

याहून बोलका दाखला मुंबईचा आहे. मुंबई एफसी हा संघ २००७ पासून खेळत होता आणि अनेक वर्षे त्याची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे होती. संघ मोठे यश मिळवत नव्हता, पण आय-लीगमध्ये टिकून होता. २०१६ मध्ये जमील यांना जावे लागले. ते मिझोरमच्या ऐझॉल संघाकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात पदावनत झाला होता आणि गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळे पुन्हा लीगमध्ये आला होता. जमील यांच्याबरोबर जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीचे खेळाडूही ऐझॉलला गेले. २०१६-१७ च्या हंगामाअखेर ऐझॉल ३७ गुणांसह विजेते ठरले. मोहन बागानला ३६ गुण मिळाले. त्याच लीगमध्ये मुंबई एफसी शेवटचे आले आणि पुढे बंद पडले. तेच जमील २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात तुम्ही फेर्दिनां द सोस्यूर यांचे नाव वाचले असेल. त्यांनी भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली. सोंगटीचे मोल तिच्या लाकडात नसते. पटावरील इतर सोंगट्यांशी असलेल्या तिच्या नात्यात असते. खेळाडूचेही तसेच आहे. राणे आणि मेहता मुंबईत होते तेच ऐझॉलमध्ये होते. त्यांच्याभोवतीची रचना बदलली आणि त्यांचे मोल बदलले. हरणाऱ्या संघाचे मालक नवे, महागडे शब्द विकत आणतात. वाक्य तरीही जुळत नाही, कारण उणीव व्याकरणाची असते. व्याकरण बाजारात मिळत नाही. ते एकत्र खेळून, एकत्र हरून, सावकाश अंगी मुरते.

येथे माझ्या मताविरुद्ध दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप : सातत्याच्या नावाखाली साचलेपण येते. हे खरे आहे, आणि त्यासाठी लांब जायला नको. इचलकरंजीहून तासाभरात कोल्हापूरचे शाहू स्टेडियम गाठता येते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने पाहायला तेथे जी गर्दी लोटते, ती अनेक व्यावसायिक संघांच्या नशिबी नसते. एकदा शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी विचारले, "तुमची टीम सारखी हरतेय, तरी येता?" ते म्हणाले, "हारली म्हणून पेठ सोडायची व्हय, सर?" संघ टिकतो कशामुळे, याचे याहून नेमके उत्तर मला कोणत्या ग्रंथात मिळालेले नाही. परंतु याच पेठनिष्ठेचे पर्यवसान अनेकदा हुल्लडबाजीत होते, हाणामाऱ्या होतात, सामने थांबतात. आणि इतके प्रेम असूनही या मैदानावर खेळणाऱ्या गुणी मुलाला फुटबॉलवर पोट भरायचे असेल तर गाव सोडावे लागते. नुसते जुने सूत राखून कापड होत नाही. नवा बीम चढवावाच लागतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तरी २०१० मध्ये तो संघ बंद करण्यात आला. विजेतेपदाच्या दोनच वर्षांत हैदराबादही आर्थिक संकटात सापडून तळाला गेले. म्हणजे जिंकणे ही टिकण्याची हमी नाही, आणि चांगला प्रशिक्षक हीसुद्धा नाही. मालकाने हात काढून घेतला की सारे संपते. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष असा की, संघाचे सगळे धागे एकाच खुंटीला बांधू नयेत. जर्मनीत सामान्यतः क्लबमधील निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांकडे राहतो. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ दूर मिल्टन कीन्सला हलवण्याचे ठरले, तेव्हा २००२ मध्ये चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा संघ काढला. मोकळ्या माळावर खेळाडूंची निवडचाचणी घेऊन त्यांनी खालच्या पायरीपासून आरंभ केला आणि २०११ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांत, संघ इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये पोहोचला.

पुण्याचा संघ गेला तेव्हा आपण काय केले? मी माझ्यापुरते सांगतो. पहिल्या दोन वर्षांत मी पहाटेची एसटी पकडून बालेवाडीला जात असे. संघ हरू लागला तसा माझा उत्साह ओसरला. मार्च २०१८ मध्ये बंगळूरविरुद्धचा उपांत्य सामना पुण्यात झाला तेव्हा मी तिकिटाची चौकशीसुद्धा केली नाही. घरी दूरचित्रवाणीसमोर बसलो. मालकांच्या अधीरतेवर टीका करताना मला माझी ही अधीरता विसरता येत नाही. पेठेतल्या त्या गृहस्थांपुढे मी संघाचा नुसता ग्राहक ठरतो.

या साऱ्या विचारातून उद्याच्या एखाद्या मराठी व्यावसायिक संघासाठी माझ्या चार सूचना आहेत. एक, प्रशिक्षकाला किमान तीन हंगाम द्यावेत आणि ते आरंभीच जाहीर करावे, म्हणजे पहिल्या पाच पराभवांनंतर कुणाचा धीर सुटणार नाही. दोन, पाच-सहा खेळाडूंचा गाभा ठरवावा आणि प्रशिक्षक बदलला तरी तो गाभा मोडू नये. तीन, नामवंत खेळाडू जाहिरातीसाठी आणू नये. रिकामी जागा कोणती हे आधी ओळखावे आणि तिच्या मापाचा माणूस आणावा. चार, कोल्हापूरच्या तालमींसारख्या जिवंत परंपरांशी संघाची गाठ मारावी : तेथील मुलांना प्रशिक्षण, निवडीची वाट आणि वेतन मिळावे, आणि चाहत्यांना सभासद म्हणून कारभारात आवाज मिळावा. असा आवाज लाभलेला चाहता खुर्च्या फेकताना दहा वेळा विचार करील, अशी मला आशा आहे.

यांतली एकही सूचना झटपट फळ देणारी नाही. पहिल्या हंगामात संघ कदाचित आणखी खाली जाईल. तेवढा काळ सोसण्याची तयारी मालकाची हवी, तशीच प्रेक्षकाचीही हवी.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांनी संसार, शेती, कारखान्यातली पाळी सांभाळत, मध्ये कित्येक वर्षांचा खंड पडल्यावर, पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. सारे काही पहिल्यापासून शिकावे लागणार, अशी धास्ती आरंभी अनेकांना वाटते. वस्तुतः तुमच्याकडे बोली आहे, कामाचा अनुभव आहे, कधीकाळी पाठ केलेल्या कविता आहेत. नवा अभ्यास त्यालाच जोडायचा आहे.

आता एक काम करा. तुमच्या गावातला मोडलेला किंवा मोडू घातलेला एखादा संघ निवडा; तो खेळाचा असो, भजनी मंडळ असो, हौशी नाटकमंडळी असो. त्यातील जुन्या सभासदांना भेटा आणि दोनच प्रश्न विचारा : काय बदलले म्हणून हे विस्कटले, आणि अजून काय शिल्लक आहे? त्यांच्याच शब्दांत उत्तरे टिपून घ्या आणि त्यावर आपले मत दोन पानांत मांडा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला जास्त जागा द्या. गाठ मारायची ती तेथेच.