वायूची साक्ष

हैदराबादच्या वायव्येस पटणचेरू, पाशमैलारम, जीडिमेटला या औद्योगिक वसाहतींच्या आसमंतात राहणाऱ्या माणसास रात्री खिडकी उघडताच जो उग्र दर्प जाणवतो, त्याची तक्रार तो सकाळी दफ्तरात नेऊन देतो खरा. पण पाहणीचा हुकूम सुटून अंमलदार जागेवर पोहोचेपर्यंत वारा फिरलेला असतो, दर्प विरलेला असतो, आणि पुराव्याअभावी ती फिर्याद पडून राहते. नाकाच्या साक्षीवर विसंबण्यात धोकाही आहे : कार्बन मोनॉक्साइडला गंधच नाही, आणि हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण घातक पातळीस पोहोचले की ते प्रथम घ्राणशक्तीच बधिर करते.

वायूची ओळख वायूकडूनच पटवून घेण्याची विद्या मात्र आपल्याच देशात जन्मास आली. पदार्थावर पडलेल्या एकरंगी प्रकाशाचा अत्यल्प अंश रंग पालटून बाहेर पडतो, आणि हा पालट रेणूंच्या स्वतःच्या कंपनांवर अवलंबून असल्यामुळे प्रत्येक रेणूची खूण निराळी उमटते, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपले सहकारी कृष्णन यांच्या साहाय्याने 1928च्या फेब्रुवारीत कलकत्त्यात सिद्ध केले. त्याच वर्षी हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिकलेले सूरी भगवंतम् हे तरुण रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले, आणि ज्या वायूंत हा रामन परिणाम अतिशय क्षीण असतो, त्यांचाच त्यांनी परिश्रमपूर्वक अभ्यास केला. पुढे 1952 साली हेच भगवंतम् उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा या वारशावर आपणा मराठी जनांचाही थोडा हक्क आहे.

हा परिणाम क्षीण असण्याचे कारण साधे आहे. विखुरलेल्या सुमारे एक कोटी प्रकाशकणांत एखादाच रंग पालटतो, आणि वायू हा द्रवापेक्षा जवळजवळ हजारपट विरळ. भगवंतम् यांच्या पिढीला पाऱ्याच्या दिव्यासमोर छायाचित्रपट्टी तासन्‌तास, प्रसंगी दिवसचे दिवस, उघडी ठेवावी लागे. 1960 साली लेसर अवतरला आणि ही अडचण ओसरू लागली. समोरासमोरच्या आरशांत किरण वारंवार फिरवणे, पोकळ काचतंतूत वायू आणि प्रकाश एकत्र कोंडणे, तरंगलांबी निम्मी करून विखुरण सोळापट वाढवणे, अशा युक्त्यांनी दशलक्ष भागांत काही भाग इतका अल्पांशही आज वाचता येतो. नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन हे जे वायू अवरक्त प्रकाशास दिसतच नाहीत, तेही येथे आपली रेषा उमटवितात, आणि एकच किरण मिश्रणातील अनेक घटकांची नावे एका वेळी सांगतो.

याहून सूक्ष्म, अब्जांशाच्या मोजणीस दुसरी यंत्रे अधिक योग्य आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. म्हणून मोकळ्या रस्त्यावर नव्हे, तर जेथून वायू बाहेर पडतो त्या धुराड्यांच्या, नळांच्या आणि साठवणटाक्यांच्या तोंडाशीच रामन पद्धतीच्या यंत्राची जागा आहे. ज्या विशाखापट्टणात भगवंतम् यांनी दीर्घकाळ अध्यापन केले, तेथेच 7 मे 2020च्या पहाटे एका कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ झोपलेल्या वस्तीत शिरली आणि बारा माणसे मरण पावली. वाफेचा पहिला अंश टिपून वस्तीस जागे करणारा पहारा तेथे असता, तर निदान पळून जाण्याइतकी उसंत त्यांना मिळाली असती.

विद्येची वाण हैदराबाद शहरात नाही. हैदराबाद विद्यापीठात संरक्षण संशोधन संस्थेच्या साहाय्याने स्फोटक द्रव्यांचे सूक्ष्म अंश लेसर आणि रामन पद्धतीने ओळखण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे, आणि 1944 साली निजाम सरकारने स्थापिलेल्या प्रयोगशाळांतून वाढलेली रासायनिक तंत्रज्ञान संस्थाही येथेच आहे. सीमेवरील शत्रूच्या बारुदासाठी जी दक्षता आपण राखतो, तिचा एक अंश तरी कारखान्याच्या कुंपणापलीकडे झोपणाऱ्या मजुराच्या वाट्यास यावा, एवढेच मागणे आहे.

दरवर्षी 28 फेब्रुवारीस आपण विज्ञान दिन साजरा करतो, रामन यांच्या तसबिरीस हार घालतो. येत्या विज्ञान दिनापूर्वी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका, अवघ्या एका औद्योगिक वसाहतीत अशी यंत्रे बसविण्याची तजवीज करावी, आणि त्यांची नोंद दफ्तरात कुलूपबंद न ठेवता वसाहतीच्या वेशीवर तेलुगू, उर्दू आणि हिंदीत रोज जाहीर करावी. त्या फलकाखाली उभ्या राहणाऱ्या माणसास आपण कोणता श्वास घेत आहो, हे कळण्याचा हक्क आहे.