टिक कुठे, पैसा कुठे, मत कुठे



मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत पुण्याचं एक नवीन कुटुंब राहायला आलं. पस्तिशीचा इंजिनिअर आहे, पण मला काका म्हणतो. एका संध्याकाळी घराचे कागद घेऊनच आला. "काका, या फॉर्मवर शाळा कोणती ते विचारलंय. आमची मुलगी तर चारच वर्षांची आहे. आणि कॅथलिकवर टिक केली तर आपला टॅक्स चर्चला जातो का हो?"

हिने चहा टाकला. चहा होईपर्यंत मी त्याला जे सांगितलं, तेच आज इथे लिहितोय, कारण वीस वर्षांपूर्वी मलाही यातलं काहीच माहीत नव्हतं आणि त्याची किंमत नंतर कळली.

पहिली गोष्ट म्हणजे ओंटारिओत सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा चार प्रकारच्या आहेत: इंग्रजी पब्लिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच पब्लिक आणि फ्रेंच कॅथलिक. विंडसरमध्ये चारही आहेत. कॅथलिक शाळा म्हणजे आपल्या डोक्यातला फीवाला कॉन्व्हेंट नव्हे. तिथे फी नाही, सगळा खर्च सरकारचा. हे का? तर १८६७ साली कॅनडा देश झाला तेव्हा घटनेच्या ९३ व्या कलमात अल्पसंख्याकांच्या तेव्हाच्या शाळांना संरक्षण दिलं गेलं. ओंटारिओत ते अल्पसंख्याक म्हणजे कॅथलिक, क्वेबेकमध्ये प्रोटेस्टंट. पुढे बरीच वर्षं कॅथलिक शाळांना दहावीपर्यंतच पैसे मिळत. १९८४ साली प्रीमियर बिल डेव्हिस यांनी बारावीपर्यंत (तेव्हा तेरावीही होती) देण्याचं जाहीर केलं आणि १९८७ साली सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं.

बाकी धर्मांच्या शाळांना मात्र एक पैसा नाही. ज्यू आणि ख्रिश्चन शाळांचे पालक कोर्टात गेले, १९९६ साली हरले. १९९९ साली युनोच्या मानवाधिकार समितीने हा भेदभाव आहे असं म्हटलं, तरी काही बदललं नाही. खाजगी शाळांच्या फीवर करात सवलत देणारा कायदा हॅरिस सरकारने २००१ साली केला, पुढच्या सरकारने २००३ साली तो रद्द केला. २००७ च्या निवडणुकीत जॉन टोरी म्हणाले, सगळ्याच धर्मांच्या शाळांना देऊ. मतदारांनी त्यांना घरी बसवलं. क्वेबेकने उलट रस्ता धरला, १९९७ साली घटनादुरुस्ती करून धर्मावर आधारलेली बोर्डंच बंद केली.

गंमत म्हणजे आमच्या घरून नदीपलीकडे डेट्रॉईट दिसतं (आणि ते आमच्या उत्तरेला आहे, हे नवीन माणसाला नकाशा दाखवल्याशिवाय पटत नाही). तिथे मिशिगनच्या मतदारांनी १९७० साली राज्यघटनेतच लिहून घेतलं की खाजगी आणि धार्मिक शाळांना सरकारी मदत द्यायची नाही. म्हणजे तीच प्रार्थना, तसाच युनिफॉर्म, नदीच्या या काठाला फुकट आणि त्या काठाला फी भरून!

आपल्याकडचा प्रकार तिसराच. मी सांगलीकडच्या अनुदानित शाळेत शिकलो. शाळा संस्थेची, मास्तरांचा पगार सरकारचा. ही पद्धत १८५४ च्या वूडच्या खलित्यापासूनची. अनुदान हिंदू संस्थेला मिळतं, ख्रिस्ती संस्थेला मिळतं, उर्दू शाळेलाही मिळतं. आपल्या घटनेचं २८ वं कलम सांगतं की अशा शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण सक्तीने देता येत नाही. आपली विनाअनुदानितची भानगड वेगळी, त्यावर लिहायचं तर अख्खा अंक लागेल. असो.

आता पैशाचं. पूर्वी इथली बोर्डं स्वतः घरपट्टीतून कर गोळा करत, त्यामुळे श्रीमंत गावच्या शाळा श्रीमंत. १९९८ पासून ते बंद झालं. आता घरांवरच्या शिक्षणकराचा दर प्रांत ठरवतो. २०२० साली तो ०.१५३ टक्के झाला, म्हणजे मूल्यांकन २ लाख डॉलर असेल तर ३०६ डॉलर. उरलेली भर प्रांत घालतो. बोर्डाला किती मिळणार हे ठरतं मुख्यतः पटावरून. ३१ ऑक्टोबर आणि ३१ मार्च या दोन तारखांना मुलं मोजतात. म्हणजे तुमच्या टिकमुळे पैसा हलत नाही, तुमचं मूल ज्या वर्गात बसतं तिथे तो जातो.

"मग टिक कशाला?" त्याने विचारलं. टिक मतासाठी! शाळा बोर्डावरचे ट्रस्टी निवडताना तुम्हाला कुठल्या बोर्डाची मतपत्रिका मिळणार, ते त्या टिकवर ठरतं. आणि कॅथलिकवर टिक फक्त कॅथलिक माणसालाच करता येते. आपल्याला पब्लिकच.

इथेच आमची गोची झाली. आमची लेक नववीला कॅथलिक हायस्कूलमध्ये गेली. शाळा जवळ, तिची मैत्रीण तिथे, आणि हिला युनिफॉर्म आवडला. कायद्याने नववीपासून पुढे धर्म पाहून प्रवेश नाकारता येत नाही (प्राथमिकला बिगर-कॅथलिक मूल घ्यायचं की नाही ते बोर्डावर). शाळा चांगली होती, मास्तर मायाळू होते. लेक बारावीला असताना मुलं कमी म्हणून कॉम्प्युटरचा वर्ग बंद करायचं घाटत होतं. मी तावातावाने पत्र लिहिलं. उत्तर नम्र आलं, वर्ग बंदच झाला. त्याच ऑक्टोबरात, २०२२ साली, ट्रस्टींची निवडणूक होती. नागरिक झाल्यावरचं माझं पहिलं मत. मतपत्रिका उघडली, तर तिच्यावर पब्लिक बोर्डाची नावं. ज्या शाळेत माझी मुलगी बसत होती आणि तिच्या नावाने अनुदान येत होतं, त्या बोर्डाला जाब विचारायचा कागद माझ्या हातात नव्हता. एखाद्या अनोळखी नावापुढे खूण करून घरी आलो. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणाला मत दिलंत?" सांगताच येईना.

म्हणून त्या मुलाला म्हटलं, शाळा तुम्हाला आवडेल ती बघा, कॅथलिक हायस्कूललाही नको म्हणू नका. धर्माचा विषय नको असेल तर पब्लिक बोर्डाच्या पालकाने लेखी अर्ज केला की सूट मिळते. २०१४ साली ब्रॅम्प्टनच्या एका पालकाने ती कोर्टातून मिळवली आहे. पण जिथे तुमचं मूल आणि तिच्यामागे पैसा जातो, तिथे तुमचं मतही जाईल असं धरून चालू नका. पब्लिक शाळेत घातलंत तर ट्रस्टी कोण आहे ते माहीत करून घ्या. मतदान नागरिकांनाच आहे, पण बोर्डाच्या सभेला जाऊन बसायला पासपोर्ट लागत नाही.

तो फॉर्मवर सही करून गेला. ही म्हणाली, "चहा थंड केलात त्याचा." खरं होतं.

ब्रिटिश कोलंबियात खाजगी शाळांना पब्लिकच्या ५० किंवा ३५ टक्के अनुदान मिळतं, अल्बर्टात कॅथलिक बोर्डं आमच्यासारखीच. तिकडच्या मंडळींनी आपला अनुभव जरूर लिहावा. विशेषतः कोणी ट्रस्टीच्या निवडणुकीला उभं राहिलं असेल तर!

कळावे, लोभ असावा.